पेन्शन फंडातून तेल-कोळसा काढायला निघालात? या चुका टाळा

इंग्लंड-वेल्समधे लोकल गव्हर्नमेंट पेन्शन स्कीमचे ८६ फंड आहेत आणि कौन्सिलच्या (म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेच्या) कामगारांच्या त्या पैशातला काही भाग अजूनही तेल-गॅस-कोळशाच्या कंपन्यांत आहे. तो काढून घ्या म्हणून नवीन लोक जोरात पुढे येतात, मला मनापासून आनंद होतो, पण दर वेळी त्याच त्या चुका बघून जीव मेटाकुटीला येतो म्हणून एकदाचं लिहून टाकते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ज्याच्या हातात निर्णय नाही त्याच्याकडेच मागत बसणं. लोकांना वाटतं फुल कौन्सिलमधे, म्हणजे सगळ्या कौन्सिलरांच्या सभेत, मोशन (ठराव) पास झालं की काम फत्ते. नाही हो! गुंतवणुकीचं धोरण पेन्शन कमिटी ठरवते, आणि कौन्सिलचं मोशन तिच्यावर बंधनकारक नसतं. लंडनच्या एका बरोमधल्या (शहराच्या एका विभागातल्या) ग्रुपने भरपूर सह्या जमवल्या, मोशन पास करून घेतलं, टाळ्या, फोटो, सगळे खूश होऊन घरी. पेन्शन कमिटीसमोर विषय आला तेव्हा ग्रुपचं एकही माणूस तिथे नव्हतं, मिनिट्समधे (मीटिंगच्या इतिवृत्तात) एकच ओळ, मोशनची नोंद घेतली. मग मे महिन्यात कमिटीतले निम्मे कौन्सिलर बदलले आणि नवीन चेअरना या सगळ्याचा पत्ताच नाही. तेव्हा कुठे मला फोन आला. मग आम्ही कमिटीतल्या एकेकाला गाठून भेटलो, आधी त्यांच्या शंका ऐकून घेतल्या, खूप वेळ गेला पण गाडी तिथूनच हलली. माझी सवय सांगते, मीटिंगचे पेपर साधारण पाच वर्किंग डे आधी कौन्सिलच्या साइटवर येतात, ते मी त्याच संध्याकाळी शेवटपर्यंत वाचते. कंटाळवाणे असतात, तरी वाचा. ते न वाचता घोषणा द्यायला येणाऱ्यांचं मला खरंच कौतुक वाटत नाही.

दुसरी चूक, "तुमची पेन्शन बुडेल" असं मेंबर्सना घाबरवणं. या स्कीममधे पेन्शन पगार आणि नोकरीची वर्षं यावर कायद्याने ठरलेली आहे, शेअर पडले म्हणून ती कमी होत नाही. फायनान्सचा ऑफिसर हे एका वाक्यात सांगतो आणि तुमचं उरलेलं भाषण कोणी ऐकत नाही. खरा मुद्दा वेगळाच आहे. दर तीन वर्षांनी फंडाचं व्हॅल्युएशन, म्हणजे जमा पैसा आणि द्यायची पेन्शन यांचा हिशोब, होतं (२०२५ चं ३१ मार्चच्या तारखेचं होतं), त्यात तूट निघाली तर एम्प्लॉयरचं, म्हणजे मुख्यतः कौन्सिलचंच, कॉन्ट्रिब्युशन वाढू शकतं, आणि तो पैसा लायब्ररी, म्हाताऱ्यांची देखभाल याच बजेटमधून येतो. हे बोला, कौन्सिलर लगेच कान देतात. सोबत लॉ कमिशनचा (कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या सरकारी आयोगाचा) २०१४ चा रिपोर्ट ठेवा: मेंबर्सना ती काळजी पटेल असं मानायला सबळ कारण असेल आणि फंडाचं मोठं आर्थिक नुकसान होणार नसेल तर पैशापलीकडच्या गोष्टीही विचारात घेता येतात.

आपल्या मराठी डॉक्टर मंडळींसाठी खास: एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) पेन्शनमागे गुंतवणुकीचा फंडच नाही, शिक्षकांच्याही नाही, तिथे डायव्हेस्ट करायला, म्हणजे गुंतवणूक काढून घ्यायला, काही नसतं. तुमच्या कौन्सिलच्या फंडाकडे वळा.

यादीत शेल, बीपीचं नाव दिसलं नाही म्हणून फंड क्लीन समजू नका, पैसे इंडेक्स फंडातून (बाजारातल्या सगळ्या मोठ्या कंपन्यांचे शेअर एकत्र घेणाऱ्या फंडातून) आत असतात. माहितीच्या अधिकाराखाली विचारा, उत्तराला २० वर्किंग डे.

"आम्ही कंपन्यांशी चर्चा करतोय" हे उत्तर ऐकून गप्प बसू नका, कधीपर्यंत आणि नाही ऐकलं तर काय, ते विचारा. चर्च ऑफ इंग्लंडच्या पेन्शन्स बोर्डाने कित्येक वर्षं चर्चा केली आणि २०२३ मधे उरलेल्या तेल-गॅस कंपन्या सोडायचं ठरवलंच.

कॉपी-पेस्ट ईमेल पाठवू नका. स्वतःच्या शब्दांत चार ओळी पुरतात.

आणि घाई! पुढच्या मीटिंगमधे सगळं विकून टाका म्हणणाऱ्यांना मी वॉल्थम फॉरेस्टचं उदाहरण देते, २०१६ मधे असा शब्द देणारा या स्कीममधला पहिला फंड, आणि त्यांनीही पाच वर्षांची मुदत घेतली होती. तारीख मागा, टप्पे मागा, आणि कमिटीला प्रश्न लेखी द्यायची मुदत मीटिंगच्या काही दिवस आधीच संपते, ती आजच बघून ठेवा.