ब्रिटनचा २०१७ चा माघार-सूचना कायदा कसा वाचावा

'युरोपीय संघ (माघारीची सूचना) अधिनियम, २०१७' हा ब्रिटिश संसदेचा कायदा अवघ्या दोन कलमांचा असून त्यांतले दुसरे केवळ त्याचे नाव सांगते. 'या कायद्याने ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले' असे सर्रास लिहिले जाते. परंतु या कायद्याने देश बाहेर पडला नाही, फक्त तशी सूचना देण्याचा अधिकार पंतप्रधानांना मिळाला.

वाचनाची सुरुवात कायद्यापासून करू नये. आधी सर्वोच्च न्यायालयाचा २४ जानेवारी २०१७ चा निकाल वाचावा. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली होती, तरी ज्या २०१५ च्या कायद्यान्वये ते घेतले गेले, त्यात निकालानंतर सरकारने काय करावे याची तरतूदच नव्हती. तहांविषयीचे निर्णय हा राजसत्तेचा विशेषाधिकार असल्याने संसदेची परवानगी लागत नाही, असे सरकारचे म्हणणे होते. न्यायालयाने ८ विरुद्ध ३ मतांनी ते अमान्य केले, कारण संसदेच्या १९७२ च्या कायद्याने युरोपीय कायदा देशांतर्गत कायद्याचा स्रोत बनला होता आणि तो स्रोत, तसेच त्यातून नागरिकांना मिळालेले हक्क, सरकारला केवळ आपल्या अधिकारात काढून घेता येत नाहीत. दोनच दिवसांनी विधेयक मांडले गेले.

आता पहिले कलम वाचावे. पहिल्या पोटकलमात पंतप्रधान सूचना 'देऊ शकतात' असे म्हटले आहे. 'देतील' असे नाही. त्याला मुदत नाही आणि अटही नाही. १९७२ च्या कायद्यात किंवा अन्य कोणत्याही अधिनियमात काहीही असले, तरी हे कलम लागू राहील, असे दुसरे पोटकलम सांगते. न्यायालयाचा निकाल वाचलेला नसेल, तर या वाक्याचे प्रयोजनच उमगत नाही.

सदस्य देशाने बाहेर कसे पडायचे हे सांगणारा, युरोपीय संघाच्या तहातील अनुच्छेद ५० सोबत उघडा ठेवावा. सूचनेनंतरची दोन वर्षांची मुदत आणि सर्व सदस्यांच्या एकमताने ती वाढवण्याची सोय तिथे आहे, ब्रिटिश कायद्यात नाही.

लॉर्ड्स सभागृहाने सुचवलेल्या दोन दुरुस्त्याही आवर्जून पाहाव्यात. एक ब्रिटनमध्ये राहणाऱ्या युरोपीय नागरिकांच्या हक्कांविषयी होती, तर दुसरी अंतिम अटींवर संसदेने मतदान करण्याविषयी. कॉमन्सने १३ मार्चला दोन्ही फेटाळल्या आणि १६ मार्चला विधेयकाला राजसंमती मिळाली. माझ्या मते दुसरी दुरुस्ती फेटाळणे ही मोठी चूक होती, कारण तोच वाद २०१८ च्या माघार कायद्याच्या वेळी पुन्हा उभा राहिला आणि त्या कायद्याच्या तेराव्या कलमात संसदेची मंजुरी लिहावीच लागली.

सूचना २९ मार्च २०१७ रोजी दिली गेली, पण प्रत्यक्ष निर्गमन ३१ जानेवारी २०२० रोजी झाले. ते कायद्यात कसे उतरले हे पाहायचे असेल, तर १९७२ चा कायदा रद्द करणारा २०१८ चा आणि माघार करार लागू करणारा २०२० चा, असे दोन अधिनियम उघडावेत.