फिनमधली कॉफी: व्हिएतनामी पद्धत, घरच्या घरी

व्हिएतनामी कॉफीला मशीन लागत नाही, वीजही नाही. लागतो तो फिन, म्हणजे ग्लासाच्या तोंडावर बसणारा स्टीलचा किंवा ॲल्युमिनियमचा छोटा फिल्टर. त्याचे भाग चार: खालची बशी, भोकं असलेला कप, आत बसणारी दाबचकती आणि झाकण. ऑनलाइन सहज मिळतो. एका माणसासाठी १०० ते १२० मिली पाणी मावणारा घ्या.

कॉफी मात्र विचार करून घ्यायला हवी. कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. आपल्याकडे रोबस्टा म्हटलं की हलका माल, अशी एक समजूत आहे. ती इथे बाजूला ठेवा. फ्रेंच मिशनऱ्यांनी १८५७ च्या सुमारास व्हिएतनाममध्ये कॉफी आणली, पण आज तो देश ब्राझीलखालोखाल जगातला दुसरा मोठा कॉफी उत्पादक आहे तो रोबस्टाच्या जोरावर. मध्य पठारावरचं बुओन मा थुओट हे त्याचं मुख्य ठाणं. रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट आणि कडवटपणाही जास्त, म्हणूनच ती दाट, गोड कंडेन्स्ड मिल्कसमोर टिकते. नाजूक, आंबटसर अरेबिका घातलीत तर नुसतं गोड दूध प्यायल्यासारखं होईल. व्हिएतनामहून आलेलं पाकीट मिळालं तर उत्तमच. नाहीतर कूर्ग किंवा वायनाडची गडद भाजलेली रोबस्टा चालते. चिकोरी नसलेली मागा.

कंडेन्स्ड मिल्क का, तर व्हिएतनाममध्ये ताज्या दुधाची परंपरा नव्हती आणि त्या उकाड्यात दूध टिकतही नसे. फ्रेंच अमदानीत डब्यातलं दूध आलं आणि ते कायमचं राहिलं.

साहित्य (एक ग्लास)

- कॉफी पावडर २० ग्रॅम, म्हणजे साधारण चार सपाट टेबलस्पून. दळण बारीक रव्याइतपत
- गोड कंडेन्स्ड मिल्क २ टेबलस्पून
- पाणी १२० मिली
- मोठे बर्फाचे खडे, ग्लासभर

कृती

१. जाड काचेच्या ग्लासात कंडेन्स्ड मिल्क घाला. फिन गरम पाण्याने विसळून ग्लासावर ठेवा. थंड धातू पाण्याची उष्णता खातो.

२. पावडर घालून फिन हलकेच हलवा, थर सपाट होऊ द्या. वर दाबचकती ठेवा. ठेवा म्हटलंय, दाबा नव्हे. स्क्रूची चकती असेल तर अडेपर्यंत फिरवून थोडी मागे घ्या.

३. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. आधी फक्त २०-३० मिली ओता. पावडर पाणी पिते, फुगते, अडकलेला वायू बाहेर पडतो. ही पायरी गाळली तर उरलेलं पाणी पावडरीतून वाट काढत खाली पळतं आणि कॉफी पाणचट होते. ४० सेकंद तसंच राहू द्या.

४. मग उरलेलं पाणी हळू ओतून झाकण ठेवा.

५. आता थेंब बघा, कारण सगळी कॉफी इथेच ठरते. सुरुवातीला सेकंदाला एक-दोन थेंब पडायला हवेत. सगळं पाणी उतरायला चार ते पाच मिनिटं लागावीत. दोन मिनिटांतच काम आटोपलं तर दळण जाड आहे किंवा चकती सैल. उलट थेंब अडला, तर दळण फार बारीक आहे नाहीतर स्क्रू जास्त आवळलाय; चमच्याच्या टोकाने तो किंचित सैल करा. चकती स्क्रूची नसून नुसती वर ठेवायच्या प्रकारची असेल तर तिला हात लावू नका, पुढच्या वेळी दळण बदला. खाली ८० मिलीच्या आसपास काळी, घट्ट कॉफी जमते. बाकीचं पाणी पावडरीने शोषलेलं असतं. कमी निघाली म्हणून वर आणखी पाणी ओतण्याचा मोह टाळा, त्यातून फक्त कडू गढूळ पाणी येतं.

६. फिन उचलून त्याच्याच उलट्या झाकणावर ठेवा, म्हणजे ओट्यावर डाग पडत नाहीत. तळाशी बसलेलं दूध गरम कॉफीत पूर्ण ढवळा आणि मगच बर्फाने भरलेल्या दुसऱ्या ग्लासात ओता. आधी बर्फ टाकलात तर दूध तळाला चिकटून बसतं. ही झाली का फे सुआ दा, म्हणजे दुधाची थंड कॉफी.

गरमच हवी असेल तर बर्फ वगळा आणि ग्लास गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून कॉफी उतरवा. थंडीच्या दिवसांत तिकडेही असंच करतात. इतकी कडक नको वाटली तर दूध वाढवून कॉफी कमी करा. सायगॉनमध्ये अशा दुधाळ कॉफीला बाक सियू म्हणतात आणि ती लोकप्रिय आहे, तेव्हा संकोच नको.

फिन नसेल तर? घरातला दाक्षिणात्य कॉफी फिल्टर काढा. तत्त्व तेच, फक्त डिकॉक्शन उतरायला बराच जास्त वेळ लागतो. तोवर कॉफी कोमट होते, म्हणून कंडेन्स्ड मिल्क घालण्याआधी ती जरा गरम करून घ्या, उकळू मात्र नका.

कंडेन्स्ड मिल्कचा उघडलेला डबा तसाच फ्रीजमध्ये ठेवू नये. काचेच्या बरणीत काढा, झाकण घट्ट लावा आणि दोनेक आठवड्यांत संपवा. रोज एक ग्लास करणाऱ्या घरात तो त्याआधीच संपतो.