'द रोड' ग्रुपमध्ये वाचताय? आधी विचारा, पुस्तक कुठं मिटलंस?

एका मैत्रिणीनं विचारलं की आम्ही पण वाचनाचा ग्रुप काढलाय, पहिलंच पुस्तक 'द रोड' घेतलंय, चर्चा कशी घ्यायची सांग की. तिला व्हॉट्सअ‍ॅपवर जे लांबलचक लिहिलं तेच जरा नीट करून इथं टाकतोय, कारण हे पुस्तक चारचौघांत घ्यायला लई अवघड आहे आणि आमची पहिली बैठक त्यावर वाया गेलेली.

माहीत नसेल तर थोडक्यात: कॉर्मॅक मॅकार्थी ह्या अमेरिकन लेखकाची २००६ ची कादंबरी, २००७ ला पुलित्झर हे अमेरिकेतलं मोठं बक्षीस मिळालं, २००९ ला सिनेमाही आला. जग जळून गेलंय, सगळीकडं राख, आणि एक बाप न् त्याचा लहान पोरगा सुपरमार्केटातली ट्रॉली ढकलत दक्षिणेला समुद्राकडं चाललेत. दोघांना शेवटपर्यंत नावं नाहीत. खाली शेवट पण सांगितलाय, तेव्हा वाचायचं असेल तर आधी वाचून या.

तर पहिल्या बैठकीत मी विचारलं, "कसं वाटलं?" संपलं तिथंच. एवढं मोठं बक्षीस मिळालेलं पुस्तक, त्याला कोण वाईट म्हणणार, चौघं म्हणाले जबरदस्त, बाकीचे गप्प, वीस मिनिटांत चहा आला. परत येताना रंकाळ्यावर आमच्यातल्या एक काकू हळूच म्हणाल्या की अरे मी तळघराच्या तिथं मिटलं ते परत उघडलंच नाही, घरात नातू झोपलेला शेजारी. मला तेव्हा कळलं की खरी चर्चा ही होती आणि ती बैठक संपल्यावर रस्त्यात झाली.

म्हणून पहिला प्रश्न हाच ठेवा: कुठं मिटलंस आणि का? आणि ज्यांनी पूर्ण वाचलं नाही त्यांना आधी बोलू द्या. हे दोनदा सांगतोय कारण पूर्ण वाचणारे एकदा सुरू झाले की बाकीच्यांना आपण कमी पडलो असं वाटतं आणि ते तोंडच उघडत नाहीत. कोण पहिल्या पंचवीस पानांत कंटाळतं, नुसतं चालणं, ताडपत्री, डबे, परत चालणं. कोण तळघरात थांबतं, जिथं माणसं खायला म्हणून कोंडून ठेवलीत. लहान पोरं असलेले तर मधेमधे थांबून पोराच्या खोलीत डोकावून येतात, हे आमच्यात तिघांनी वेगवेगळं सांगितलं. ह्यातलं एकही मत चुकीचं नाही.

वाटून घ्यायला चॅप्टर शोधू नका, नाहीतच. नुसते छोटे छोटे तुकडे आहेत, आणि प्रत्येकाच्या प्रतीत पान नंबर वेगळा येतो, त्यामुळं प्रसंगावर ठरवा. पहिल्या आठवड्यात तळघरापर्यंत, दुसऱ्यात जमिनीखालचा अन्नाचा साठा सापडतो तिथपासून समुद्रापर्यंत, मग शेवट. ग्रुपवर आधीच सांगून ठेवा की आईनं स्वतःचा जीव दिलेला आहे, पुस्तकात ते येतं. घरात नुकतंच काही घडलेलं असतं, आपल्याला माहीत नसतं.

आता मोठ्यानं वाचणं. हे कराच. संवादांना अवतरणचिन्हं नाहीत, कोण बोलतंय ते बऱ्याचदा लिहिलेलंच नाही, डोळ्यांनी वाचताना गोंधळ होतो पण दोघांनी बाप-लेक होऊन वाचलं की आपोआप उलगडतं. आणि वाचताना जागच्या जागी मराठी करायला लावा. ते दोघं सारखं 'ओके' म्हणतात, ह्या 'ओके'ला काय म्हणायचं? एकजण म्हणाला 'बरं', दुसरी म्हणाली ह्या जागी नुसतं 'हं', तिसरा म्हणाला आमच्यातलं पोरगं असतं तर 'व्हय' म्हणालं असतं. अर्धा तास गेला त्यावर, कारण एका ठिकाणी त्या ओकेचा अर्थ मी घाबरलोय असा होता आणि दुसरीकडं तुझ्यावर चिडलोय पण येतोय असा. कुठल्या समीक्षेनं मला हे दाखवलं नव्हतं.

जगाला नेमकं काय झालं ह्यावर दहाच मिनिटं द्या. घड्याळं १:१७ ला थांबली, प्रकाश, लांबून दणके, बस, पुस्तकात याहून जास्त नाही. आमचा इंजिनीअरिंगचा पोरगा अणुबॉम्ब का उल्का ह्यावरच अडला आणि बाप-लेक राहिले बाजूला.

कोल्हापुरात वाचत असाल तर चर्चेत पूर येणारच, येऊ द्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही, पाण्यानं वेढलेल्या गावात नळाला पाणी नाही. त्यामुळं एकजण ठामपणे म्हणाला की हे पुस्तक खोटं आहे, आपल्याकडं तर तालमी, मंडळं जेवण घेऊन धावली, कुणी कुणाला लुटलं नाही. टाळ्याच पडल्या. मलाही अभिमान आहे त्याचा, पण मी एवढंच विचारलं की तेव्हा बाहेरून ट्रक भरून मदत येत होती, पाणी उतरणार हे सगळ्यांना माहीत होतं, समजा बाहेर कुणीच नसतं आणि पाणी कधीच उतरणार नसतं तर? बराच वेळ कोण बोललं नाही. मग समुद्रकाठचा चोराचा प्रसंग काढा. त्यांची ट्रॉली पळवणाऱ्याला बाप गाठतो आणि त्याचे कपडेसुद्धा काढून घेतो, पोरगा रडत विनवतो, शेवटी ते कपडे परत रस्त्यावर ठेवून येतात. तुम्ही बापाच्या बाजूचे का पोराच्या, हात वर करा. आमच्यात निम्मे निम्मे झाले, आणि पुरात तीन दिवस माळ्यावर काढलेली बाई बापाच्या बाजूनं होती, मला ते अजून विसरता येत नाही.

आईबद्दल बोलताना ती चुकली का असा प्रश्न नको, आणि पुरुषांनी आधी उत्तर द्यायचं नाही.

शेवटावर भांडण ठरलेलं. बाप गेल्यावर एक माणूस येतो आणि पोराला आपल्या कुटुंबात नेतो. निम्मे म्हणतात देव पावला, निम्मे म्हणतात लेखकानं ऐनवेळी माघार घेतली. मला स्वतःला तो शेवट पटतो, कारण पोरगा त्या माणसाला आधी विचारतो की तुम्ही माणसं खात नाही ना, म्हणजे तो बापानं शिकवलेली सावधगिरी पण ठेवतो आणि तरी विश्वास टाकतो. पण मत लादू नका, ज्याला पटलं नाही त्याला पुस्तकातली ओळ काढून दाखवायला सांगा.

सगळ्यात शेवटी तो डोंगरातल्या ओढ्यातल्या माशांचा परिच्छेद कुणाकडून तरी सावकाश वाचून घ्या, मराठी करू नका त्याचं, आणि वाचून झालं की लगेच पुढच्या पुस्तकाचं काढू नका. आम्ही तसेच उठलो आणि गंगावेशीत दूध प्यायला गेलो. काकू पण होत्या, त्यांनी तेवढं एक पान ऐकलं आणि पुस्तक परत घरी न्यायला मागितलं.