'कॅटल' लिहिताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात चुलतभावाची गाय साप चावून गेली. विम्याचा इंग्रजी अर्ज त्याने स्वतःच भरला: 'वन कॅटल डाइड'. पलीकडून फोन आला, नेमकं काय मेलं? गाय, बैल की वासरू? कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर होता म्हणून निभावलं, पण आठवडा गेलाच.

कॅटल हा शब्द कळपाचा. एका जनावरासाठी तो चालत नाही. दिसायला एकवचनी, पण क्रियापद अनेकवचनी घेतो: 'द कॅटल आर ग्रेझिंग'. तिथे 'इज' चुकीचं, आणि 'कॅटल्स' तर मुळीच नको. आपणही 'गुरं चरतायत' म्हणतो, पण दावणीला एकटी गाय असली तर गायच म्हणतो ना? इंग्रजीतही तसंच. गाय काऊ, वासरू काफ, अजून न व्यालेली कालवड हेफर. आकडा द्यायचाच तर 'ट्वेंटी हेड ऑफ कॅटल'. या हेडला एस लागत नाही, बरं का.

बैलाला सरसकट बुल लिहिणारेही पुष्कळ. बुल म्हणजे वळू. खच्ची करून औताला जुंपलेला बैल तो ऑक्स, अनेकवचन ऑक्सेन. आपल्याकडच्या इंग्रजीत बुलक. पोळ्याच्या फोटोखाली 'बुल्स' वाचलं की झूल घातलेले वळू वेशीतून येताना दिसतात आणि मी मनातल्या मनात ओट्यावर चढतो.

भाषांतरात खरा घोटाळा होतो तो म्हशीमुळे. आपल्या गुरांत म्हैस धरलेली असते, कॅटलमध्ये सहसा नसते. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात कॅटल सुमारे १९.२५ कोटी आणि म्हशी वेगळ्या मोजलेल्या, सुमारे १०.९८ कोटी. अशा ठिकाणी 'गुरं' लिहिलंत तर वाचणारा त्या आकड्यात म्हशीही धरून बसेल. 'गोवंश' लिहा. शेळ्यामेंढ्यांसकट सगळं सांगायचं असेल तर लाइव्हस्टॉक, म्हणजे पशुधन. गंमत म्हणजे कॅटलचा मूळ अर्थही मालमत्ता असाच होता. 'कॅपिटल' त्याच घरातला. गोधन म्हणणाऱ्यांना याचं नवल वाटू नये.

उरला 'कॅटल क्लास'. २००९ मध्ये शशी थरूर यांनी ट्विटरवर तो वापरला आणि गहजब झाला. इंग्रजीत ही विमानातल्या दाटीवाटीच्या स्वस्त वर्गाची थट्टा. शब्दशः 'गुरांचा वर्ग' केलं की प्रवाशांनाच गुरं म्हटल्यासारखं होतं. मराठीत 'मेंढरं कोंबल्यागत प्रवास' म्हणून बघा, जनावर बदललं तरी रोख बरोबर लागतो.