वजनाचं ऑपरेशन ठरवताय? आधी या चुका टाळा

लठ्ठपणाच्या ऑपरेशनसाठी येणाऱ्या माणसांना मी आहारतज्ज्ञ म्हणून आधीही भेटते आणि नंतरही, वर्षानुवर्षं. पहिल्या भेटीत बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : किती महिन्यांत किती किलो? पोटात नेमकं काय करणार, त्यानंतर आयुष्यभर काय पाळावं लागणार, हे फार थोडे विचारतात. टेबलावरचं काम दोन-तीन तासांचं असतं. बिघडतं ते त्याच्या आधी आणि नंतर.

"आता खाऊन घे, नंतर मिळायचं नाही"

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. तारीख ठरली की घरोघरी बोलावणी सुरू होतात. मामाकडे पुरणपोळी, मित्रांबरोबर बिर्याणी. नेमकं त्याच वेळी आम्ही साधारण १५ दिवसांचं कमी कॅलरीचं, बहुतांशी पातळ खाणं लिहून दिलेलं असतं. वजनकाट्यावर आकडा कमी दिसावा म्हणून आम्ही ते देत नाही. ते लिव्हरसाठी असतं. वजन खूप वाढलेल्या माणसाच्या लिव्हरमध्ये बहुधा चरबी साठलेली असते आणि लिव्हरचा डावा भाग जठरावरच येतो. दुर्बिणीतून काम करताना सर्जनना तो उचलून धरावा लागतो. खाण्यातला भात-पोळी-साखर तुटली की लिव्हर आकसतं आणि जठरापर्यंत पोचायला जागा होते.

नाशिककडचे एक गृहस्थ होते, वजन दीडशेच्या वर. त्याच पंधरवड्यात भाचीचं लग्न. डाएटच्या कागदावर रोजच्या रोज बरोबरच्या खुणा करून आणल्या होत्या. भूल दिली, दुर्बीण आत गेली आणि लिव्हर इतकं मोठं आणि ठिसूळ निघालं की उचलायला गेल्यावर रक्त येऊ लागलं. सर्जनांनी रक्त थांबवलं आणि तिथूनच माघार घेतली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "झालं का?" पोटावर छिद्रं होती, बिल होतं, जठर मात्र होतं तसंच. बाहेर त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "मॅडम, जिलेबी-मठ्ठ्याला नाही म्हणवेना हो त्यांना." पुढे डाएट नीट पाळून ऑपरेशन झालं आणि सुरळीत झालं. पण भूल दोनदा घ्यावी लागली.

तेव्हापासून पहिल्या भेटीला मी घरात स्वयंपाक कोण करतं ते विचारते आणि त्या माणसाला सोबत आणायला लावते. ताटाचा फोटो रोज मागवते. आणि एक गोष्ट आधीच सांगते : खाल्लं असेल तर सांगा, आपण तारीख पुढे ढकलू. लपवू मात्र नका.

मधुमेह असेल तर या पंधरा दिवसांत जुन्याच डोसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू ठेवू नका, साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या गोळ्या ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधीच थांबवाव्या लागतात, नाहीतर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. म्हणून सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून भूलतज्ज्ञांना दाखवा, नावं आठवून सांगू नका.

शेजारणीचं झालं तेच मलाही करा

लठ्ठपणाच्या ऑपरेशनचे नेहमीचे दोन प्रकार म्हणजे स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात. बायपासमध्ये छोटीशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. जुनाट ॲसिडिटी असेल तर स्लीव्हनंतर ती वाढू शकते. त्यामुळे आधी एंडोस्कोपी करून घ्या आणि मगच निवडा. पहिल्या भेटीनंतर आठवड्याभरात टेबलावर घेणाऱ्या 'पॅकेज'कडे मी माझ्या घरचं माणूस पाठवणार नाही.

विमा धरूनच चालणं

२०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार आशियाई माणसाला बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २७.५ पासून ऑपरेशन सुचवता येतं. आपल्याकडच्या विमा पॉलिसीत मात्र सहसा ४०, किंवा गंभीर आजार सोबत असेल तर ३५ ही अट असते. डॉक्टर हो म्हणाले म्हणजे कंपनीही हो म्हणेल असं नाही. पूर्वमंजुरी हातात आल्याशिवाय ॲडमिट होऊ नका.

घोरणं लपवू नका, झोपेत श्वास थांबत असेल तर भूल देणाऱ्याला ते कळलंच पाहिजे. सिगारेट आणि तंबाखू निदान सहा आठवडे आधी बंद, आणि मग कायमची बंद. बायपासनंतर त्याने जोडावर अल्सर होतो.

"वर्षभर घेतल्या गोळ्या, आता पुरे"

ऑपरेशननंतरच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या सोडून देणं, ही माझी दुसरी डोकेदुखी. बी-१२ शोषायला जठरातून स्रवणारा एक घटक लागतो, आणि तेच जठर आपण कापलेलं किंवा वगळलेलं असतं. लिव्हरमधला साठा बराच काळ पुरतो, म्हणून गोळ्या सोडल्यावर लगेच काही होत नाही. मग माणूस तपासणीला येणं बंद करतो आणि काही वर्षांनी पायांना मुंग्या घेऊन येतो. शाकाहारी घरांत तर बी-१२ मुळातच कमी असतं. म्हणून बी-१२, ड जीवनसत्त्व, लोह हे ऑपरेशनआधी तपासून भरून घ्यायचं, आणि नंतर गोळ्या आयुष्यभर. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. आयुष्यभर गोळ्या घेणं जमणार नसेल तर ऑपरेशनला आत्ताच नाही म्हणा, मला त्याचं वाईट वाटणार नाही.

बी-१ चा साठा तर दोन-तीन आठवड्यांचाच. ऑपरेशननंतर सतत उलट्या होत असतील तर गावातल्या दवाखान्यात नुसती ग्लुकोजची बाटली लावून घेऊ नका. ग्लुकोज जाळायला बी-१ लागतं, उरलंसुरलं तेही संपतं. एकाच्या दोन वस्तू दिसणं, चालताना तोल जाणं, भ्रम, आणि त्यातलं काही कायमचं राहू शकतं. "माझं लठ्ठपणाचं ऑपरेशन झालंय, आधी बी-१ चं इंजेक्शन द्या" हे वाक्य घरातल्या सगळ्यांना पाठ करून ठेवा.

केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळतात, बहुतेकांचे परत येतात. प्रथिनं रोज ६० ग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका, नुसत्या वरणाच्या पाण्याने ती होत नाहीत. बायपास झाल्यावर अंगदुखीला डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. मूल हवं असेल तर ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने थांबा. वजन उतरलं की दिवस राहण्याची शक्यता वाढते आणि बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो, म्हणून दुसरा उपाय कोणता, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना ऑपरेशनच्या आधीच विचारून ठेवा.