हळदीची पोती आणि ९० दिवस

थकीत कर्ज बँकेचा नफा कसा खातं, हे मला कळलं सांगलीतल्या पहिल्या पोस्टिंगमध्ये. मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याचं १ कोटीचं कॅश क्रेडिट खातं, म्हणजे माल तारण ठेवून लागेल तसे पैसे उचलायचं कर्ज, माझ्या टेबलावर होतं. स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे गोदामातल्या मालाचा हिशेब, दर महिन्याला वेळेवर यायचं, मी ते फाइलला लावायचो. गोदामात पाय ठेवला तो चौथ्या महिन्यात. पुढच्या थप्प्या ताज्या होत्या. मागच्या पोत्यांवर धुळीचा थर, आणि एकाचं तोंड सोडलं तर किडीनं पोखरलेल्या हळकुंडांचा भुगा हाताला लागला. हा माल मी तीन महिने चांगला म्हणून मोजत होतो. ती चूक माझीच.

पुढं सलग ९० दिवस व्याज भागेल एवढाही भरणा झाला नाही आणि खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज झालं. वर्षाला १० टक्क्यांनी १० लाख व्याज यायचं, ते उत्पन्नात धरणं थांबलं. आधी नावे टाकलेलं पण वसूल न झालेलं अडीच लाख व्याज उलटवावं, म्हणजे उत्पन्नातून वजा करावं लागलं. शिवाय तारण असूनही तेव्हाच्या नियमानं १५ टक्के, म्हणजे १५ लाखांची तरतूद, म्हणजे कर्ज बुडालं तर म्हणून बाजूला काढायची रक्कम, नफ्यातून गेली. ठेवीदारांचं व्याज मात्र ठरल्या तारखेला द्यावंच लागतं.

आता हा हिशेब स्वतः मांडून बघा. १०० रुपये कर्जामागं बँकेला ३ रुपये सुटतात असं धरलं, तर नुसते ते १५ लाख भरून निघायला ५ कोटींचं चांगलं कर्ज वर्षभर चालावं लागतं. आणि खातं जितकं जुनं होईल तितकी तरतूद वाढत जाते. नफा संपला की भांडवलाला हात लागतो. साताऱ्याची १९३६ सालची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये विलीन झाली, तेव्हा आमच्या भागातल्या लोकांनी हे जवळून पाहिलं.

तुम्ही बँकेत कर्जखाती सांभाळत असाल, तर मार्चअखेरीला जुनं व्याज भरायला नवं कर्ज द्यायची गळ घातली जाईल. देऊ नका, त्यानं खड्डा मोठाच होतो. व्याज ३० दिवस रखडलं की लगेच गोदाम गाठा, आधी न कळवता. खरेदीची बिलं आणि खात्यातली उलाढाल जुळते का ते तपासा. मागच्या थप्पीतल्या एका पोत्यावर खडूनं खूण करून या आणि पुढच्या भेटीत ते पोतं जागचं हललंय का ते बघा.