आरी निवडताना आधी चामडं मोजा

मागच्या पावसाळ्यात बॅगेचा पट्टा तुटला. रत्नागिरीच्या बाजारात हाताला लागली ती आरी, म्हणजे चामड्याला भोक पाडायचं टोकदार हत्यार, उचलली आणि शिवायला बसलो. दोन आठवड्यांत पट्टा पुन्हा फाटला, तोही नेमका टाक्यांच्या रांगेवर, टपालाच्या तिकिटासारखा. आरी जाड होती, भोकं एकमेकांना जवळजवळ भिडली होती.

म्हणून आधी शिवायचे थर एकत्र धरून जाडी मोजा. 2 मिमीचे दोन थर म्हणजे 4 मिमी. त्याला 0.8 मिमीचा मेण लावलेला दोरा आणि दोन टाक्यांत 4 मिमी अंतर ठीक. अशा कामाला आरीचं पातं 2 मिमीच्या आसपास रुंद असावं. भोक टाक्याच्या अंतराच्या निम्म्यापेक्षा लांब नको.

आता प्रकार. चांभाराकडे दिसते ती आकडा असलेली आरी वहाणेचा तळ शिवायला. खालचा दोरा आकड्यात अडकवून वर ओढायचा. हात बसायला वेळ लागतो. गोल टोच्या खुणा करायला बरा. पट्टा, पाकीट, कोयत्याचं म्यान दोन सुयांनी शिवायचं असेल तर टोकाकडून पाहिल्यावर शंकरपाळीसारखं दिसणारं पातं घ्या. ते चामड्याला तिरकी चीर पाडतं आणि चीर दोऱ्याभोवती मिटते. सगळ्या चिरा एकाच बाजूला कललेल्या हव्यात. त्यासाठी मूठ एका अंगाला चपटी असलेली बघा. गुळगुळीत गोल मूठ घामट हातात फिरते, आणि आपल्याकडे हात घामट नसतो कधी?

नवं पातं बहुतेकदा बोथटच मिळतं. बारीक दगडावर घासा, मग जुन्या पट्ट्यावर चकाकी येईपर्यंत ओढा. तुकड्यावर टोचून पाहा: मागून चामडं फुगून वर आलं तर अजून धार नाही. टोचताना खाली जुन्या रबरी चपलेचा तुकडा ठेवा, बोट नव्हे. मी दोन्ही करून पाहिलंय.

काम झालं की शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून आरी डब्यात ठेवा. चामड्यात खुपसून ठेवू नका. खारट, दमट हवेत पातं गंजतं, आणि झाडाच्या सालीनं कमावलेल्या चामड्यावर लोखंडाचा काळा डाग पडतो. पुढच्या वेळी तेल पुसूनच टोचा.